जेवू कोणी घातलं

त्या रविवारी वंदना सोनाळ्याला पोचली तेव्हा तिची माय अंगणात पोत्यावर बसून तुरीची डाळ निवडत होती. पोरगी जळगाव जामोदहून बसनं आलेली, पण मायचा पहिला प्रश्न पाण्याचा नव्हता, चहाचा नव्हता.

"पुस्तक आणलं का?"

वंदनानं पिशवीतून एका क्रिकेटपटूचं जाडजूड आत्मचरित्र काढलं. मायनं ते हातात घेऊन वजन पाहिलं, कव्हरावरचा हसरा चेहरा पाहिला आणि परत दिलं. "वाच."

माय, तानुबाई, दुसरीपर्यंत शिकलेली. अक्षर लागायचं, पण ओळ संपेस्तोवर तिची सुरुवात विसरून जायची. ऐकणं मात्र असं, की तीनशे पानांमागं कोण काय बोललं होतं ते तिला विचारून घ्यावं. वंदना ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायची आणि जिल्ह्याच्या एका दैनिकात पंधरा दिवसांनी नव्या पुस्तकांवर सदर लिहायची. सदराला सहा वर्षं झाली होती. मायला पुस्तक वाचून दाखवणंही तेवढंच जुनं.

साठ पानं झाल्यावर मायनं हात थांबवला.

"लय फुसकं हाये."

"काऊन? पुण्यात हातोहात खपून राह्यलं ते."

"खपू दे. हा हरला तवा एकदा पाऊस होता, एकदा अंपायर खराब होता, एकदा पाय दुखत होता. एखाद्या डावात हाच चुकला असन का नाही? माह्या भाकरी करपल्या तं मी चुलीले किती दिवस शिव्या देऊ?"

वंदना हसली. मग वही काढून तिनं लिहिलं: 'पराभवाचं उत्तरदायित्व परिस्थितीवर सोपवणारं आत्मकथन.' मायनं विचारलं काय लिहिलं, तर म्हणाली, "असंच, आठवणीसाठी." दुपारी दोघी जेवल्या, मायनं डाळीचा डबा बांधून दिला आणि फाट्यापर्यंत सोडायला आली. "उरलेलं पुढच्या अतवारी वाचू," म्हणाली. "सुधरला तं सुधरला तो."

बुधवारी सकाळी भावाचा, ज्ञानेश्वरचा फोन आला. माय अंघोळ करून ओट्यावर येऊन बसली आणि बसल्या जागीच गेली. दवाखान्यात न्यायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

वंदना कोणासमोर फार रडली नाही. भेटायला येणाऱ्यांना तिनं पाणी दिलं, लांबच्या नातेवाइकांना फोन केले. तेराव्याची पंगत उठल्यावर शेजारच्या आशाबाई परसात भांडी घासत होत्या, तिथं ती जाऊन बसली आणि राख लावलेली पातेली विसळू लागली.

"आता पेपर कोणाले वाचून दाखवू मी?" आशाबाई म्हणाल्या.

"कोणता पेपर?"

"तुह्या लेखाचा, बाई. माही नात शाळेतून पेपर आणे. मंग मी वाचो अन् तुही माय आयके. आयके अन् हासे. म्हणे, आशे, हे माह्यं बोलणं हाये. पोरीनं त्याले चांगले कपडे घातले अन् बजारात धाडलं."

वंदनाच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"मी म्हतलं, मंग तुहं नाव काऊन नाही टाकलं तिनं? तं म्हणे, चूप बस. तिले इचारजो नको कधी. कॉलेजात शिकोते ती. अडाणी मायचं आयकून लिहिते म्हतलं तं लोक हासतीन तिले."

"रागावली होती का माह्यावर?"

"रागावन कायले? पेपर आला का गल्लीतून अशी फुगून जाय, जशी सरपंच झाली."

संध्याकाळच्या बसमध्ये वंदनाला खिडकीबाहेरच्या संत्र्याच्या बागा दिसत होत्या आणि दिसत नव्हत्या. तिच्या नावाला जे काही वजन आलं होतं ते एका लेखामुळं. एका मोठ्या नटाच्या आत्मचरित्रावरचा तो लेख. नटानं आपल्या धडपडीच्या दिवसांवर शंभर पानं लिहिली होती; फुटपाथवर झोपलो, आठ वर्षं उपाशीतापाशी काढली. ज्यानं त्यानं त्या पानांचं कौतुक केलं होतं. मायनं ऐकून घेतलं आणि म्हणाली होती, "आठ साल उपाशी राहून कोणी जगत नाही, वंदे. कोणीतरी याले जेवू घालत होतं. तिचं नाव काऊन नाही सांगत हा?" मग वंदनानं ते पुस्तक पुन्हा चाळलं होतं. खरंच, चारशे पानांत निर्मात्यांची नावं होती, शत्रूंची नावं होती, गाड्यांची होती. ताट वाढणाऱ्या एकाही माणसाचं नव्हतं. तो लेख पुण्याच्या मासिकानं पुन्हा छापला. मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं, हा प्रश्न कुठून आला? वंदना म्हणाली होती, व्यापक वाचनातून.

दुसरा लेख एका नटीच्या पुस्तकावरचा. सगळे म्हणाले, चावट आहे. माय म्हणाली, "यात चावट काय हाये? नवऱ्यानं मारलं ते सांगतलं अन् आपण कुठं खोटं बोललो तेही सांगतलं. बाकीच्यायनं निस्ते फोटो काढल्यावानी लिहिलं. ही घरातल्या कपड्यावर बसली आपल्यासमोर." वंदनानं सगळ्यांच्या विरोधात जाऊन त्या पुस्तकाची बाजू घेतली होती. धाडस म्हणून त्याचंही नाव झालं. वंदनाचं.

तिनं त्या नटाला पकडलं होतं, आणि तिच्या स्वतःच्या सहा वर्षांच्या सदरांत तानुबाई हे नाव एकदाही आलं नव्हतं.

जळगाव जामोदच्या सार्वजनिक वाचनालयाचा वाचक मेळावा आधीच ठरलेला होता. अध्यक्ष चिंतामण सर, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी फोन करून विचारलं, पुढं ढकलू का? ती म्हणाली, नको सर, येते मी.

मेळाव्याला साठेक माणसं होती. बँकेतल्या रेवतीताईंनी एका उद्योगपतीच्या आत्मचरित्राची बाजू घेतली. मागून कोणीतरी म्हणालं, "ताई, त्यातलं पहाटे चारला उठणं सोडून बोला, ते आमच्या म्हशीही करतात." हशा झाला. रेवतीताई म्हणाल्या, "म्हशींनी पुस्तक लिहिलं तर तेही वाचीन मी." वातावरण सैल झालं. मग वंदना उठली आणि क्रिकेटपटूच्या पुस्तकावर बोलली. तयारी करून आणलेलं, प्रमाण मराठीतलं, उत्तरदायित्व वगैरे. बोलता बोलता तिनं कागद बाजूला ठेवला आणि करपलेल्या भाकरीचं आणि चुलीचं सांगितलं. आख्खं वाचनालय हसलं आणि मग टाळ्या वाजल्या, आजवर तिच्या कुठल्याच वाक्याला वाजल्या नव्हत्या एवढ्या.

चिंतामण सर आभार मानायला उठले, पण आभार राहिले बाजूला.

"वंदनाताई, एक गोष्ट फार दिवसांची विचारायची आहे. त्या नटाचं पुस्तक मी दोनदा वाचलं होतं. चाळीस वर्षं मुलांना धडे शिकवले, पण याला जेवू कोणी घातलं, हे मला दिसलं नाही. खरं सांगतो, तुमचा लेख वाचून मला माझी लाज वाटली. तुम्हाला हे सुचलं कसं?"

उत्तर तयार होतं. एकदा दिलेलं, छापून आलेलं. समोर तिचे दोन विद्यार्थी बसले होते, कॉलेजातल्या सहकारी बसल्या होत्या. आज खरं सांगितलं तर उद्या स्टाफरूममध्ये काय चर्चा होईल, हे तिला शब्दासकट ठाऊक होतं. तिला आशाबाईंनी सांगितलेली माय आठवली, गल्लीतून ताठ चालणारी. त्या चालण्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. लपवलं होतं ते हिनं.

वंदनानं माईक जवळ ओढला. कॉलेजात, मुलाखतीत, कुठल्याच व्यासपीठावर जी बोली तिनं तोंडून निघू दिली नव्हती, तीच आली.

"मले नाही सुचलं, सर. माह्या मायले सुचलं. तानुबाई कडूबा ढगे, मुक्काम सोनाळा. दुसरी शिकलेली. मी पुस्तक वाचून दाखवत होती, ती सांगत होती, अन् मी माह्या नावानं छापत होती. त्या नटीचा लेखही तिचाच. आता तुम्ही ज्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या, ते तिचं शेवटचं मत. मी एवढी पुस्तकं वाचली, एवढे प्राध्यापक पाहिले. पण माह्या मायएवढं पुस्तक समजणारं माणूस मले भेटलं नाही. हे तिच्या जित्तेपणी तिच्या तोंडावर मी एकदाही म्हतलं नाही. आज म्हणून राह्यली."