आधी आबा

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. वाट्या सात.

नागपूरच्या सदर भागातल्या एका इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, आठ वर्षांच्या गोपिकेपुढे त्या ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येकीत कोकोची घट्ट खीर. पहिलीत चमच्याच्या टोकावर मावेल एवढी, सातवीत काठोकाठ. आज एक खेप, गुरुवारी दुसरी. दोहोंपैकी एका खेपेत बेसन दडवलेलं, दुसरीत नाही. कोणत्या दिवशी कोणतं, हे वाट्या भरणाऱ्या माणसाखेरीज कोणालाही ठाऊक नव्हतं.

गोपिकेच्या अंगाला हरभरा मानवत नव्हता. तीन वर्षांची असताना कुहीच्या एका लग्नात तिने पाटवडीचा तुकडा खाल्ला, आणि पंगत उठायच्या आत तिचे ओठ सुजून श्वास कोंडला. तेव्हापासून ठवकरांच्या घरात बेसन शिरलं नव्हतं. गेल्या वर्षी तिचं नाव एका संशोधनात घातलं. रोज सकाळी एक सीलबंद पुडी, केळ्यात कालवून. काही मुलांच्या पुडीत कणाकणाने वाढत जाणारं बेसन, शरीराला सवय लागावी म्हणून. उरलेल्यांच्या पुडीत दुसरंच निरुपद्रवी पीठ. कोणाच्या वाट्याला काय, हे डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. या दोन दिवसांत पोरगी टिकली, तर शाळेत दुसऱ्याच्या डब्यात हात घालायला ती मोकळी होणार होती.

डॉ. अरुंधतींनी पहिल्या वाटीचं झाकण काढलं. गोपिकेने चमचा भरला आणि आजोबांपुढे धरला.

"आबा, आधी तुम्ही."

तंत्रनिकेतनात मापनाची प्रयोगशाळा सांभाळून निवृत्त झालेले रुपराव ठवकर खुर्चीत ताठ बसून होते. त्यांनी हात पुढे केला नाही.

"नाही बाळा," डॉक्टर म्हणाल्या, "हे मोजून भरलंय. आबांना द्यायचं नाही."

"मग मी नाही खात. घरी तर आबाच आधी खातेत."

"घरी म्हणजे, जेवताना?"

"सगळंच. पुडीवालं केळं पण. रोज."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"श्वेताताई," त्या गोपिकेच्या आईकडे वळल्या, "पुडी दुसऱ्या कोणी चाखायची नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नागपूरच्या माणसाच्या जिभेपासून बेसन लपतं का? घरातल्या एकाला कळलं, की त्याच्या चेहऱ्यावरून पोरीला कळतं. मग तिचं पोट दुखलं, तर त्यात दुखणं किती आणि भीती किती, हे कसं सांगणार? मला हिचं नाव काढावं लागेल. आज परीक्षा होणार नाही."

श्वेताच्या तोंडचं पाणी पळालं. तिने सासऱ्यांकडे पाहिलं. रुपरावांनी मान हलवली. "सांगून टाक वं," ते म्हणाले. "आता काय लपवायचं."

"मॅडम, बाबांले चवच नाही," श्वेता म्हणाली. "वासही येत नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेतल्या तापात गेला. फक्त गोपीले माहीत नव्हतं."

त्या तापात त्यांच्या पत्नी सुभद्राबाईही गेल्या होत्या. लग्नातल्या त्या प्रसंगानंतर नातीचा प्रत्येक घास आधी आजीने चाखायचा, हा रिवाज सुभद्राबाईंचाच. त्या गेल्यावर पोरीने दोन दिवस तोंड उघडलं नाही, तेव्हा चमचा रुपरावांनी घेतला. पदार्थात काय घातलं ते विचारून, पाकिटावरचं वाचून, मगच ते घास तोंडात ठेवत. जीभ हजेरीपुरती. ठेचा आणि शिरा त्यांना सारखाच लागे. जगण्यातलं बाकीचंही बहुतेक सारं तसंच लागे. पण ते कोणी विचारत नव्हतं. ज्या मापाचा काटा गळून पडला आहे, ते कोणाला काय सांगणार, या हिशेबाने त्यांनी पुडीही चाखली होती. हिशेब चुकला नव्हता. विचारायला हवं होतं, एवढं मात्र आता कळत होतं.

"मला तपासून पाहावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या.

परिचारिका कामिनीने चार पेले आणले. रुपरावांनी डोळे मिटले.

"हे?"

"पाणी."

"हे?"

"पाणी."

तिसऱ्यालाही पाणीच म्हणाले. गोपिकेला राहवलं नाही. पहिला पेला ओढून तिने घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"ई! आबा, हे किती खारट हाय! पाणी काय म्हणता?" दुसरा घेतला. "हे साखरेचं. हे लिंबाचं." चौथा पेला कामिनी रुपरावांच्या ओठांशी नेत होती, गोपिकेने तो मध्येच अडवला, बोट बुडवून चाटलं. "थांबा, हे नका देऊ त्याइले. कारल्याचं हाय."

"दे," रुपराव म्हणाले आणि सगळा पेला पिऊन गेले. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

डॉक्टर वरिष्ठांना फोन करायला बाहेर गेल्या. गोपिका रिकाम्या पेल्याकडे पाहत राहिली.

"म्हणजे तुम्हाले काहीच नव्हतं समजत?"

"नाही."

"मग काहून खात होते?"

"तू खात नव्हती म्हणून."

"आणि मी आपली खाऊन राहिली होती!" ती म्हणाली. "मोठे बंडलबाज हा तुम्ही, आबा."

"हो," रुपराव म्हणाले.

डॉक्टर परत आल्या, तेव्हा दहा वाजत आले होते. झालेला प्रकार नोंदला जाईल, पण गुपित फुटलेलं नाही. परीक्षा घेता येईल. त्यांनी पहिली वाटी पुन्हा पुढे सरकवली. श्वेताने पदराचं टोक मुठीत धरलं.

गोपिकेने चमचा भरला. सवयीने तो आजोबांच्या दिशेने थोडा गेला, थांबला, आणि वळला. तिने टोकाला जीभ लावली.

"गोड हाय. मागून जराशी कडू," ती आजोबांना म्हणाली आणि चमचा रिकामा केला.

दर वाटीनंतर तिने त्यांना चव सांगितली. रुपराव घड्याळ पाहत ऐकत होते. आपल्याला आनंद व्हायला हवा, हे त्यांना समजत होतं. दुपारी सातवी वाटी संपली. गुरुवारीही ती तशाच सात वाट्यांसमोर बसली आणि चमचा कोणापुढेही धरला नाही. दोन्ही दिवशी ओठ, त्वचा, श्वास, कशातच फरक पडला नाही.

तिच्या पुड्यांमध्ये काय होतं, ते सगळ्या मुलांची परीक्षा संपल्यावर, पुढच्या वर्षी कळणार होतं. कोणत्या दिवशी कोणती खेप, हे लिहिलेलं वाट्यांचं बंद पाकीट शनिवारी फोडलं. मंगळवारी नुसती खीर होती. गुरुवारी गोपिकेच्या पोटात गेलेलं बेसन: चौदा ग्रॅम.