एक घास गाईचा

आषाढी एकादशीला गोजाबाईंनी चातुर्मासाचा नेम धरला तो अगदी साधा. गाईला घास दिल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. लेकीची, लहानीची, कूस दोनदा भरून दोनदा रिती झाली होती. आता सातवा महिना चालू होता. नेम तिच्यासाठी. शेजारच्या चंदरच्या गोठ्यात गाय, घरापासून दहा पावलं. यात अवघड ते काय?

अवघड केलं महिला मंडळाच्या सहलीने. श्रावणातल्या रविवारी किन्हवलीहून माळशेज घाट, पुढे ओझरचा गणपती आणि परत. ड्रायव्हर मुकेशने सहाची बस पाचलाच आणून असा हॉर्न धरला की गोजाबाईंनी गरम भाकर फडक्यात बांधली आणि गोठा गाठला. गोठा रिकामा.

"गुरं काल रात्रीच शेतावर नेलीत गो काकी," चंदर आतून ओरडला. "इथं पाणी भरलंय."

"वाटेत गायी काय कमी हायेत?" अंगणवाडीच्या संघरत्नाबाईंनी त्यांना हाताला धरून बसमध्ये चढवलं. सहल त्यांनीच काढलेली. "एक सोडून दहा भेटतील."

सरळगावच्या नाक्यावर एक भेटलीही. पण मुकेश थांबेना. "मागं एस.टी. हाय काकी, शिव्या घालतील." आणि दोन मिनिटांनी मंडळातल्या शकूला मळमळायला लागलं, तशी बस हमरस्त्यावर मधोमध उभी! तिथे होतं एक कुत्रं. ते भाकरीकडे बघत बसलं.

टोकावड्याला चहासाठी थांबले, तर समोर बैल.

"बैल म्हंजे गाईचाच पोरगा ना?" शकू म्हणाली. तिची मळमळ भज्यांच्या वासाने पळाली होती. "पोराला दिलं काय, आईला दिलं काय!"

"तुझ्या पोराने खाल्लं तर तुझं पोट भरतं का गो?" गोजाबाईंनी विचारलं.

"भरतं की! म्हणून तर अशी फुगलेय."

सगळ्या खिदळल्या. गोजाबाई घोटभर पाणी प्यायल्या. "आई, निदान चहा तरी," सून मेघाने कप पुढे केला. त्यांनी तो मागे सारला. नेमात चहाला सूट ठेवायची तर ती धरतानाच ठेवायला हवी होती.

घाटात धुकं उतरलं आणि गाड्यांची रांग थांबली. का, तर पुढे रस्त्यावर तीन गायी ऐसपैस बसलेल्या. गोजाबाईंच्या जिवात जीव आला.

"दार उघड रे मुकेश."

"वरून दगड येतात काकी. इथं कुणाला उतरवत नाय."

मग त्यांनी खिडकीतून हात काढला. एक गाय उठली, सावकाश आली, तोंड वर केलं. भाकर वीतभर अंतरावर होती, आणि बस हलली.

"झाला बघा रस्ता मोकळा!" मुकेश खुशीत म्हणाला.

देवाचं नाव घेऊन गोजाबाईंनी राग गिळला. उपासाला राग चालतो की नाही, हे कुठल्याच पोथीत वाचल्याचं त्यांना आठवेना. धबधब्यापाशी फोटो काढण्यात तास गेला. गाय एक दिसेना, माकडं मात्र शंभर. भाकर पदराखाली दाबून त्या बसल्या. दोन वाजले तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

घाट संपला आणि रस्त्याकडेला इरलं पांघरलेला एक म्हातारा दिसला. त्याच्याजवळ गाय.

"थांबव!"

हा आवाज गोजाबाईंचा, हे बसमध्ये कुणाला खरं वाटेना. मुकेशने ब्रेकच दाबला. त्या चिखलात उतरल्या, भाकर पुढे धरली. गाईने हुंगलं आणि तोंड फिरवलं.

"नाय खायची ती," म्हातारा म्हणाला. "हिरव्यानं पोट तट्ट झालंय तिचं."

"खायची नाय म्हंजे?" गोजाबाई गाईवरच कडाडल्या. "पहाटेपासून उपाशी हाय मी तुझ्यापायी! बाकीच्या बायका भजी खातात, फोटो काढतात, नि मी ही भाकर घेऊन फिरतेय! माझ्या लेकीचं पोट टांगलंय यावर, कळतं का तुला?"

बसच्या खिडक्यांत तोंडंच तोंडं. गाईला, गोमातेला, गोजाबाई अद्वातद्वा बोलल्या होत्या. डोळे भरून आले.

म्हाताऱ्याने डोकं खाजवलं. "मीठ हाये का? पावसाळ्यात गुरांना मिठाची लई ओढ."

संघरत्नाबाई उतरल्या. त्यांच्या घरी असले नेम नव्हते, पण काकड्यांसाठी आणलेल्या मिठाची पुडी होती. त्यांनी ती भाकरीवर रिकामी केली. गाईने खरखरीत जीभ फिरवली, मीठ चाटलं, भाकर ओढली आणि फडक्यालाही तोंड घातलं.

"फडकं सोड गो बाय," शकू खिडकीतून ओरडली, "फडकं नेमात नाय!"

गोजाबाईंनी गाईच्या कपाळाला हात लावला. "चुकलं माझं," त्या पुटपुटल्या आणि बसमध्ये चढल्या. मेघाने डबा उघडून मांडीवर दिला.

"चला, ओझरला टाइम होतोय," म्हणत मुकेशने गिअर टाकला.

"मुकेश," गोजाबाई म्हणाल्या. आवाज आता नेहमीसारखा मऊ होता. "माझं जेवण होईस्तोवर चाक हललं तर बघ."

मुकेशने इंजिन बंद केलं.