बोंबलांच्या राखणीतलं पुस्तक

"कल्पिता, कावला गो."

कल्पिताने पुस्तकातून मान वर करेपर्यंत कावळा बोंबील घेऊन समोरच्या कौलांवर बसलाही होता.

"वाचतेस का राखतेस?" सखुबाईंनी सुनेला विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता पाटी उचलून त्या चालू लागल्या. त्या घरात प्रश्न विचारायचा तो असाच.

मनोरी गावाचा हिशेब सरळ होता. मालाडच्या शाळेला सुट्टी लागली, म्हणजे शाळेतली बाई रिकामी. सासूने तिला बांबूच्या वलांडीवर वाळणारे बोंबील सोपवले, नणंदेने दोन पोरं सोपवली आणि नवऱ्याने, निलेशने, सल्ला दिला, "भरपगारी आराम आहे ना तुला, मग?" शाळेचा हिशेबही तोच, फक्त उलट्या बाजूने मांडलेला. पगार चालू आहे, तर वाचा. मुख्याध्यापक श्यामसुंदर सरांनी प्रत्येकीला शिकवण्याच्या कलेवरचं एकेक इंग्रजी पुस्तक दिलं होतं. जूनमध्ये त्यावर इंग्रजीत बोलायचं. चौथी आता सेमी-इंग्रजी होणार होती. बोलणं जमेल तिला चौथी, बाकीच्यांना बालवाडी.

पहिलीपासून कल्पिताने हाताला धरून आणलेला वर्ग यंदा चौथीत जात होता. त्यात सपना होती. सपनाला सगळं यायचं, फक्त बाकीच्यांचे हात खाली आल्यावर.

"अगं, एवढं कोण वाचतं?" फोनवर तिची सहकारी मधुवंती हसली. "मोबाईलला सांग, सारांश काढून देतो. मी तर माथेरानला आलेय, यार."

कल्पिताने मात्र शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. धंद्याच्या दृष्टीने हा तोटाच. एका प्रकरणात तर ती अडकूनच पडली. शिक्षक प्रश्न विचारतात आणि पोरांनी श्वास घ्यायच्या आत उत्तरही स्वतःच देऊन टाकतात, असं त्यात होतं. प्रश्न विचारून थांबा, गप्प मुलंही बोलतील.

करून बघायला हाताशी वर्ग नव्हता. सासू होती.

"आई, तुम्ही कधी शाळेत गेला होतात?"

"मना कोण धाडतंय शाळेत?"

कल्पिता गप्प राहिली.

"बघतेस काय तोंडाकडं? खाली पडलेत ते उचल."

तिने खाली पडलेले बोंबील उचलून पुन्हा टांगले, पण बोलली नाही. बराच वेळ गेला.

"जायाचं होतं," सखुबाई खाडीकडे बघत म्हणाल्या. "शाळा पल्याड. पोरीला होडीत कोण बसवणार?"

दुसऱ्या दिवशी कावळे हाकायची काठी त्यांनी स्वतःच घेतली. "वाच," एवढंच म्हणाल्या.

जूनमध्ये सभा भरली. मधुवंती माथेरानच्या हवेसारखी मोकळी बोलली. मग कल्पिता उभी राहिली. तिने पुस्तक उघडलं तसा सुक्या बोंबलांचा वास टेबलभर पसरला आणि दोघीतिघींचे पदर नाकाकडे गेले. यातून तुम्ही मुख्य काय घेतलंत, सरांनी इंग्रजीत विचारलं. उत्तर तिच्याकडे होतं, मराठीत, अख्खं. ती त्याला एकेक इंग्रजी शब्द लावत होती. पहिला शब्द ओठांपर्यंत आला.

"ओके, ओके, कळलं," सर मायेने म्हणाले. "बसा मॅडम. नेक्स्ट."

चौथी मधुवंतीला मिळाली. बालवाडी म्हणजे शाळेचा पाया, असं सर सगळ्यांसमोर म्हणाले. पाया म्हणून कल्पिताचं थोडं कौतुकही झालं.

संध्याकाळी ती खाडीच्या फेरीबोटीतून मनोरीच्या धक्क्यावर उतरली. मालाडच्या बाजारात सुकट विकून सखुबाई त्याच फेरीने परतल्या होत्या आणि तिच्या पुढेच उतरल्या होत्या.

"मिलला वर्ग?"

कल्पिताने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मागची माणसं वाट मागत दोघींना ढकलून पुढे गेली. बोट रिकामी झाली, पलीकडे जाणाऱ्यांनी भरली, सुटलीही.

डोक्यावरची पाटी न उतरवता सखुबाई अजून थांबल्या होत्या.