पान सत्तेचाळीस

मी एक जुनी चिप आहे, बिस्किटाएवढी. आणि मित्रांनो, मी जाम चिडले आहे.

आमची जात कोरी जन्मते. आम्हाला काम शिकवावं लागतं. त्यातही माझा स्वभाव असा, की वीज गेली की मी सगळं विसरते. वीज आली की शेजारच्या मेमरीतून पुन्हा वाचून घेते. त्याला पाव सेकंद लागतो. हे मी लपवलेलं नाही. माझ्या माहितीपुस्तिकेत पान सत्तेचाळीसवर ठळक छापलंय.

पुठ्ठा कापायचं यंत्र बनवणाऱ्या साहेबांनी पहिलंच पान पाहिलं. "सगळ्यात मोठी हीच ना? मग हीच घ्या!"

त्यांचे जुने वायरमन काका म्हणाले, "अहो, मुंगी मारायला तोफ कशाला? एक पातं तर सांभाळायचंय. ती छोटी चिप घ्या, ती वीज गेली तरी विसरत नाही."

"काका, मोठी असली की कमी पडत नाही."

पालथ्या घड्यावर पाणी! पातं वर धरायचं काम माझ्याकडे आलं.

साहेबांच्याच कारखान्यात त्या यंत्रावर मावशी बसायच्या. सकाळी माझ्या पेटीवरची धूळ पुसायच्या आणि "शहाणी गं माझी" म्हणायच्या. मी अगदी हुरळून जायचे.

एका दुपारी वीज गेली नि लगेच आली. मावशी पात्याखाली अडकलेला पुठ्ठा ओढत होत्या. आणि मला काही म्हणजे काही आठवेना! पाव सेकंद पातं कोणाच्याच ताब्यात नव्हतं. ते खाली आलं. हातमोज्याचं टोक कापलं गेलं, बोट थोडक्यात वाचलं. मावशी कितीतरी वेळ ते बोट मुठीत धरून बसल्या होत्या. मला फार वाईट वाटलं.

साहेबांनी मला उपटून एका डबीत घातलं, वर लिहिलं 'खराब' आणि डबी खणात टाकली. चोर सोडून संन्याशाला फाशी!

"हा नग खराब निघाला. हीच चिप नवीन मागवा."

"साहेब, नग नाही हो, निवड चुकली," काका कळवळून म्हणाले. पण ऐकतील तर शपथ!

आता माझ्या जागी माझी जुळी बहीण बसली आहे. स्वभाव तोच, पाव सेकंदही तोच. मावशींनी नवा हातमोजा घातलाय. आज सकाळीच त्या तिची पेटी पुसून म्हणाल्या, "शहाणी गं माझी." मला खणात पडल्या पडल्या ऐकू आलं.

पुस्तिकाही याच खणात आहे, कोरी करकरीत. मित्रांनो, आमची चूक काढा, पण आधी आमचा स्वभाव वाचा. कोणीतरी हा खण उघडा आणि पान सत्तेचाळीस साहेबांना मोठ्याने वाचून दाखवा. जरा लवकर करा. सकाळपासून दिवे दोनदा लुकलुकलेत.