अंगावरचा टाका

रेजिनाबाईंची लेक आल्बिना लग्नाच्या दुसऱ्या दिवशी झग्यासकट धुवायला आली.

आली म्हणजे तिची सासू क्लोटिल्डाबाई तिला रिक्षात घालून घेऊन आल्या. रेजिनाबाईंच्या लाँड्रीच्या फळीवर तिला आडवी ठेवली, झग्याचा मागचा लांब घोळ गोळा करून तिच्या पोटावर रचला आणि गिऱ्हाईक उभं राहतं तशा हात बांधून उभ्या राहिल्या.

"झगा निघत नाही," त्या म्हणाल्या. "बटणं काढली की खाली आणखी बटणं. आम्ही दमलो. तुम्ही तशीच धुवा आणि खोक्यात भरा. चर्चची संध्याकाळची घंटा झाली की न्यायला येते."

"माणूस आहे ती, विहीणबाई."

"आमच्या घरात झगे जपतात. माझा माळ्यावर आहे, सासूबाईंचा त्याच्या शेजारी. तुमचाही असेलच की."

"आहे," रेजिनाबाई म्हणाल्या आणि नकळत वर बघितलं.

लाँड्रीच्या माळ्यावर त्यांचं खोकं होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या आईने भरलेलं, पांढऱ्या फितीने बांधलेलं, तेव्हापासून न उघडलेलं. भिंतींना रंग काढायचा म्हटलं की ते सरकवायला दोन हमाल लागत. जुनं साटिन, जड असायचंच, असं रेजिनाबाई हमालांना सांगत आणि वर दोन शब्द सुनावत.

एरवी विहिणीलाही त्यांनी सुनावलं असतं. त्यांच्या जिभेला भिऊन अर्ध्या वसईतल्या बायका त्यांच्या दुकानावरून जाताना पदर सावरत. पण हे स्थळ त्यांनी स्वतः आणलेलं, चर्चच्या पायरीवर उभं राहून सगळ्यांना ऐकवलेलं. आणि रेजिना डाबरेच्या दुकानातून काम न होता कपडा परत गेला, असं आजवर कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. ते काय विहिणीच्या तोंडून निघू द्यायचं?

"भरते," त्या म्हणाल्या.

हा शब्द तोंडातून निघाला आणि टेबलावरचं रिकामं खोकं वीतभर लांब झालं. इस्त्रीवाल्या सुभद्राने ते पाहिलं. तिने आपली इस्त्री बाजूला घेऊन त्याला जागा करून दिली.

विहीण गेली. रेजिनाबाईंनी चष्मा लावला.

"आई," आल्बिना म्हणाली, "तो टाका काढ म्हणजे निघेल."

कुठला टाका ते रेजिनाबाईंना सांगायला नको होतं. त्यांच्या घरची रीतच होती. नवरीचा झगा शिवून पुरा करायचा नाही, एक टाका राखायचा. लग्नाच्या सकाळी नवरीला उभी करायची आणि तो शेवटचा टाका आईने तिच्या अंगावरच घालायचा, दोरा दाताने तोडायचा. काल सकाळी त्यांनी तो घातला, तेव्हा आल्बिना म्हणाली होती, "आई, सावकाश. टोचतंय." "टोचू दे," रेजिनाबाई म्हणाल्या होत्या. "ताठ उभी राहा."

आणि रेजिनाबाईंचा टाका दिसत नसे. फादरांचा मिस्साचा झगा त्यांनी एकदा रफू केला, तर खुद्द फादर भोक शोधत बसले. ही गोष्ट त्या आल्यागेल्याला सांगत.

"मी घातलाय, मीच काढते," त्या म्हणाल्या.

डाव्या कमरेला बघितलं. उजव्या कमरेला बघितलं. शिवणीवरून बोट फिरवलं. साटिन लोण्यासारखं होतं, बोट कुठे अडेना.

"बाई, घातला कुठं होता?" सुभद्राने विचारलं.

"डावीकडे. कमरेला."

"डावीकडे तर काही नाही."

"असेल. तुला कसा दिसेल? मी घातलाय तो."

"तुम्हाला तरी दिसतोय का?"

रेजिनाबाईंनी चष्मा पुसला. "ओला केला की दिसेल. साटिन चमकतं, सुती दोरा पाणी पिऊन काळवंडतो. टब भर."

रिठ्याच्या फेसात दोघींनी आल्बिनाला कशीबशी उतरवलं.

"पाणी गार आहे," आल्बिना म्हणाली.

"साटिनला गारच लागतं."

झगा ओला झाला, पण दोरा काळवंडला नाही. डाग मात्र सगळे वर आले. डाग दिसला की रेजिनाबाईंचे हात थांबत नसत. उजव्या बाहीवर वाईन सांडली होती, ती आधी काढली. बाही पांढरी झाली आणि आल्बिनाने ती डोळ्यांसमोर धरली.

"इथे काय होतं?"

"वाईन. तुझा दीर लग्नात ग्लास घेऊन नाचत होता ना."

"मला दीर आहे?"

मग छातीवरची केकची साखर. हा डाग चोर असतो. आज दिसत नाही, खोक्यात पडून पडून पिवळा होतो. तो शोधायला रेजिनाबाई कापड नाकाशी धरत. धरलं, सापडला, काढला. आल्बिनाला केक कुणी भरवला ते आठवेना. मग खालच्या काठाची माती. चर्चच्या अंगणातली, बँडमागे नाचताना लागलेली. ती निघाली तसे काठाखालचे पाय दिसेनासे झाले. रेजिनाबाईंनी काठ उचलून बघितला. आत अस्तर होतं, त्याच्या आत आणखी अस्तर.

"बाई, पुरे करा आता," सुभद्रा म्हणाली. "पोरगी हलकी झाली. मघाशी दोघींना उचलवत नव्हती, आता मी एका हाताने धरलीय."

"डाग ठेवून झगा बाहेर पाठवू? नाव कुणाचं जाईल?"

"नावाचं मी काय सांगू? पोरगी तुमची आहे."

सुभद्राचा आवाज लांबून आला. रेजिनाबाईंनी मान वर केली. खोकं वाढत वाढत टेबलाच्या बाहेर आलं होतं. आता टेबल खोक्यात होतं, टब खोक्यात होता, गल्लीकडच्या खिडकीच्या जागी पुठ्ठ्याची घडी होती. वर मात्र उघडं होतं. तिथून माळा दिसत होता आणि माळ्यावरचं त्यांचं खोकं दिसत होतं.

"सुभद्रा, कुठं गेलीस?"

"मी बाहेर राहिले, बाई," पुठ्ठ्यापलीकडून सुभद्रा म्हणाली. "इस्त्री तापलीय, ती सोडून कुठं जाऊ?"

रेजिनाबाईंनी आल्बिनाला टबातून काढलं. ती दंडावर टाकलेल्या चादरीसारखी आली. तिला टेबलावर पसरली आणि टिश्यू कागदाच्या गुंडाळ्या करून त्या बाह्यांत भरायला लागल्या. घडीत गुंडाळी ठेवली नाही तर कापड घडीवर चिरतं. डाव्या बाहीत गुंडाळी सरकवली, तेव्हा तिच्या पुढल्या टोकाला आल्बिनाची बोटं लागली नाहीत. उजव्या बाहीत लागली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट.

"दुखतंय का गं?"

"नाही, बाई," आल्बिना म्हणाली. "तुमचा हात हलका आहे. कुणाचा झगा आहे हा?"

रेजिनाबाईंची गुंडाळी बाहीतच थांबली. साऱ्या गावच्या बायका त्यांना बाई म्हणत, आणि म्हणायला लावलं होतं त्यांनीच.

"तुझा आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्या मापाचा. मीच शिवला."

"छान आहे. डाग नाही कुठे."

घंटा झाली. पहिला ठोका बाहेर वाजला, पुढचे पुठ्ठ्यावर बोट आपटल्यासारखे वाजले. त्यामागून रिक्षा थांबल्याचा आवाज आला आणि क्लोटिल्डाबाईंचा.

"झालं का, विहीणबाई? झाकण घालायला माणूस आणलाय."

"थांबा," रेजिनाबाई म्हणाल्या.

"तुमच्याकडे वेळेवर होतं असं ऐकलं होतं."

हे जिव्हारी लागलं. हात आपोआप भरभर चालायला लागले. घोळ दुमडला, घेर दुमडला, कमरेपाशी गुंडाळी ठेवायला वाकल्या तर डाव्या शिवणीला लागून एक तांबूस ठिपका होता. मोहरीएवढा. काल सुई टोचली तिथला. सगळ्या धुण्यातून तो एवढा राहिला होता.

रेजिनाबाईंचं बोट सवयीने जिभेवर गेलं. टोचल्याच्या रक्ताला थुंकी लावायची, लगेच निघतं. ओलं बोट ठिपक्यापर्यंत आणलं, तेव्हा बाहीतली करंगळी हलली.

त्यांनी बोट मागे घेतलं आणि झग्याला नव्हे, आपल्या कपड्यांना पुसलं. ठिपका तसाच राहू दिला. त्याच्या मधोमध एक रेघ होती, केसाहून बारीक. पापणी लवली की हरवावी इतकी.

"सापडला," त्या म्हणाल्या. ऐकायला सुभद्रा नव्हती.

सुईच्या टोकाने त्यांनी तो टाका उचलला आणि ओढला. दोरा आला. वीतभर यायला हवा होता, हातभर आला. आणखी ओढला, आणखी आला. साटिनमध्ये पायाचा अंगठा उभा राहिला. घोळाखाली गुडघा वर आला.

"आई," आल्बिना म्हणाली. "आई, पाय बधिर झालाय."

"थांब. तोडते."

पण दोरा संपत नव्हता. त्याचं दुसरं टोक टेबलावरून गेलं होतं, खोक्याच्या कडेवरून वर गेलं होतं, आणि तिथून माळ्याकडे. रेजिनाबाईंनी ओढून पाहिलं. तो ताणला गेला. माळ्यावरचं जड खोकं, ज्याला दोन हमाल लागत, ते सहज कडेपर्यंत सरकलं. दोरा त्याच्या पांढऱ्या फितीखालून आत शिरला होता.

"घाला रे झाकण," बाहेर क्लोटिल्डाबाई म्हणाल्या.

वर एका बाजूने सावली सरकायला लागली. रेजिनाबाईंनी दोरा नेहमीसारखा बोटाला गुंडाळला, दातांत धरला आणि मान झटक्याने वळवण्यासाठी मागे घेतली. माळ्याच्या कडेवर खोकं पुढे झुकलं. त्याची फीत ताणली.

त्या खोक्यातून रेजिनाबाईंचाच कोवळा आवाज आला.

"आई, सावकाश. टोचतंय."