वाटेत राहिलेलं पाणी

“आशा, दारात माणूस आला की आधी पाणी द्यावं. नाव-गाव मागून विचारावं.”

मालनबाई आपल्या नव्या सुनेला हे सांगत होत्या, तेव्हा मी त्यांच्या हातात होतो. आता त्या नाहीत, पण त्यांचा तो मऊ आवाज माझ्या अंगात अजून आहे. मित्रांनो, मी एक जुना पितळी पेला आहे. पितळेत शिरलेला आवाज लवकर विझत नाही.

माझा जन्म कासारी बाजारातला. मालनबाईंच्या वडिलांनी मला लेकीच्या रुखवतासाठी घेतलं. आतून कल्हई झाली आणि बाहेर, माझ्या पोटावर, बारीक टिंबांनी नाव घातलं गेलं : मालनबाई, हर्सूल. ते घालताना ठोके फार लागले, पण नाव मिळालं म्हणून मी खुशीत होतो.

हर्सूलच्या त्या घरात माझी जागा रांजणाच्या झाकणावर होती. हर्सूलला मोठा तुरुंग आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल. आपल्या माणसाला भेटायला लांबून आलेली माणसं उन्हातान्हात दारोदार पाणी मागायची, मान खाली घालून. कुणाला भेटायला आलात, असं मालनबाईंनी त्यांना कधी विचारलं नाही. मला भरायच्या आणि पुढं करायच्या. पाणी पिऊन झालं की ती माणसं माझ्याकडं क्षणभर बघत राहायची. तेवढंच माझं कौतुक, आणि ते मला पुरायचं.

मग ती श्रावणातली दुपार आली.

सोमवार होता. मालनबाई घृष्णेश्वराच्या दर्शनाला वेरूळला गेल्या होत्या. पुरुष माणसं शेतात. घरात फक्त आशाबाई आणि पाळण्यातला सुयश. श्रावणी सोमवारी दिवेलागणीपर्यंत बोलायचं नाही, हे व्रत आशाबाईनं माहेराहून आणलेलं होतं. ते तिनं एकदाही मोडलं नव्हतं.

तेवढ्यात फकिराबा आले. पलीकडच्या गल्लीतले, या घराचे जिगरी दोस्त. बाजेवर टेकत त्यांनी आत हाक दिली, “मालनवैनी, हाव का? तुमच्या धाकट्यासाठी आमच्या पोरीचं बोलाया आलोय.”

आशाबाईचा धाकटा दीर तेव्हा लग्नाचा होता. तिला तर आनंदच झाला. तिनं मला घासलं, भरलं. नुसतं पाणी कसं द्यायचं म्हणून गुळाचा डबा शोधू लागली. डब्याचं झाकण निघेना. सुयश रडायला लागला. त्याला कडेवर घेतलं, डोक्यावर पदर घेतला, आणि ती दाराशी आली तर फकिराबा उठून अंगणाच्या टोकाला पोचले होते.

आमच्याकडं स्थळ घेऊन आलेल्या माणसाला कुणी पाणी विचारलं नाही, तर तो नकार समजतात. आशाबाईला ते माहीत होतं. पण हाक कशी मारणार? व्रत होतं. आणि सुनेनं पाहुण्यामागं धावत जायची तेव्हा रीत नव्हती. तिनं घाबरून मला चौकटीवर वाजवलं. टण्. पुन्हा टण्. मी भरलेला होतो, माझं पाणी उडालं. मी म्हणत होतो, थांबा, पाणी आहे. पण मित्रांनो, पेल्याचं बोलणं कोण समजणार? पाहुणा निघताना घरातली बाई भांडी आपटते, याचा अर्थ गावात एकच होतो. फकिराबांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पारावर चार माणसांत त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन सांगितलं, “त्या घरचं पाणी आमाला विष.” ते ऐकून मालनबाईंच्या मालकांनीही तशीच ओंजळ सोडली. आशाबाईनं घरात खरं काय ते सांगितलं होतं. पण मालक म्हणाले, “आता सांगाया जायचं म्हंजे त्याच्या दारात नाक घासायचं.” पुढं पोळ्याला कुणाचे बैल आधी, यावरून काठ्या निघाल्या आणि धाकट्या दिराचं डोकं फुटलं. मग सांगायचं राहूनच गेलं.

मालनबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा शेवटचं पाणी त्या माझ्यातूनच प्यायल्या. सुनेचा हात धरून म्हणाल्या, “आशा, ते पाणी अजून वाटंतच हाय गं. पोचव कधीतरी.”

“पोचवीन, आई,” आशाबाई म्हणाली.

पण त्या दारात कुणी पाय ठेवायचा नाही, हा आशाबाईच्या नवऱ्याचा, सोमनाथरावांचा, म्हणजे सुयशच्या नानांचा शब्द होता. आणि आशाबाई मोठ्यानं बोलणारी बाई नव्हती. रोज तुळशीला पाणी घालायची, स्तोत्र म्हणायची, आणि मधेच गप्प व्हायची. घरात स्टील आलं, मग प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. शेताचे प्लॉट झाले, सोमनाथराव कंपनीत लागले. मी माळ्यावर पोत्यात गेलो आणि हिरवट पडलो. एवढी वर्षं मला वाटायचं, मी तसाच भरलेला आहे. कुणी रिकामं केलंच नाही.

मला खाली काढलं ते सुयशनं. तो आता नाट्यशास्त्र शिकत होता. त्यांचा एक गट गारखेड्याच्या एका हॉलमध्ये तालीम करायचा. नाटक परक्या देशातलं, फार जुनं, मराठीत आणलेलं. दोन घराण्यांचं वैर, एक मुलगा, एक मुलगी. निरोप घेऊन निघालेला माणूस वेळेवर पोचत नाही, आणि या मराठी रूपात दोघं विषाच्या एकाच पेल्यातून पितात. निरोप पोचत नाही, हे ऐकलं तेव्हा मला ती गोष्ट ओळखीची वाटली.

नाटक बसवणाऱ्या मनस्विनीताई फार स्पष्ट बोलायच्या. “अरे, थर्माकोलचा पेला कसला आणता? विष पितायत का आइस्क्रीम खातायत?” म्हणून सुयशनं मला नेलं. आशाबाईनं आधी चिंचेनं लख्ख घासून दिलं.

मुलाचं काम सुयशकडं होतं, आणि त्या मुलीचं काम तनुजा करायची. फकिराबांची नात. एकाच गावची दोघं, पण बोलायला लागली ती इथं, शहरात. तिनं मला हातात घेऊन फिरवलं आणि नाव वाचलं.

“सुयश, हा तुमच्या घरचा?”

“हो. का?”

“आमच्या आबांनी बघितलं तर विष प्यायची गरजच नाही. तसंच मारतील.”

“मग पिऊ नको. नुसता तोंडाला लाव. रिकामाच आहे.”

तिनं माठाकडं जाऊन मला भरलं. त्याच्याकडं बघत सगळं पाणी प्यायली आणि म्हणाली, “गोडंय की रे.” सुयशचे कान लाल झाले होते. मी मधे होतो, मला सगळं दिसलं. त्यानंतर रोज ती मला भरूनच घ्यायची, आणि ती प्यायली की उरलेलं तो प्यायचा.

प्रयोगाला तिनं हट्टानं आबांना आणलं. फकिराबा फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले. शेवटी तनुजानं मला ओठाला लावलं. फकिराबा उपरण्यानं डोळे पुसत शेजारच्याला म्हणाले, “या दोन घरच्या म्हाताऱ्यांना जोड्यानं हाणलं पायजे. लेकरं मारली की हो.”

ते मी ऐकलं. मला वाटलं, माझं पाणी आज पोचलं.

पडदा पडल्यावर ते आत आले. नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग टेबलावर मला बघून म्हणाले, “जुन्या घडणीचा दिसतोय. कुठला?” मला उचललं, उजेडाकडं धरलं. टिंबांवरून त्यांचा अंगठा फिरला आणि थांबला.

“तू यातलं प्यालीस?”

“आबा, नाटकातलं विष होतं ते,” तनुजा हसायचा प्रयत्न करत म्हणाली.

“व्हय,” ते म्हणाले. “इषच.”

सुयश पुढं झाला. “आबा, मी सोमनाथरावांचा...”

“ठाव हाय. काम चांगलं केलंस, पोरा. लई रडवलंस. पण आमच्यात ह्ये पाणी चालत नाय.”

त्यांनी मला टेबलावर पालथा घातला. रागानं नाही, हळूच. मित्रांनो, आपटला असता तर निदान आवाज झाला असता.

दुसऱ्या दिवसापासून तनुजाचं कॉलेज बंद झालं. फोन बंद झाला. अजिंठ्याकडचं एक स्थळ ठरत आलं. सोमवारी संध्याकाळी पाहुणे सुपारी फोडायला येणार, असं गावात कळलं. एकदा सुपारी फुटली की मग कुणाचं काही चालत नाही.

सुयश जेवायला बसायचा आणि ताट तसंच ठेवून तलावाकडं निघून जायचा. स्वयंपाकघरात त्यानं मला तसाच पालथा ठेवला होता.

“पेला पालथा का घातलास रे?” आशाबाईनं विचारलं.

“मी नाही. तनुजाच्या आबांनी घातला.” मग तो म्हणाला, “आई, त्यांचं नि आपलं झालं तरी काय होतं? ते म्हणतात इज्जतीचा सवाल. नानाही म्हणतात इज्जतीचा सवाल. सवाल काय होता, तेच कुणी सांगत नाही.”

आशाबाईनं मला सरळ केलं. “पाण्याचा होता,” ती म्हणाली, आणि तिनं सगळं सांगितलं.

“एवढंच?”

“एवढंच, बाळा.”

तो भिंतीला टेकून बसून राहिला. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं.

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत. मी कुणी भरला तर भरतो, कुणी पालथा घातला तर पालथा पडतो. तुमचं तसं नाही. घरातली जुनी भांडी माळ्यावर टाकू नका, अधूनमधून चिंचेनं घासा, एवढं तर मी मागेनच. पण कुणाला द्यायचं पाणी तुमच्याकडून राहून गेलं असेल, तर ते वर्षानुवर्षं ठेवू नका. साठलेल्या पाण्याचं काय होतं, ते तुम्ही बघितलंच.

आज तो सोमवार आहे. श्रावणातला. सकाळी आशाबाई देवासमोर रोजच्यापेक्षा जास्त वेळ बसली. तिनं काय मागितलं ते मला कळलं नाही, ती मनातच बोलते. मग मला घासलं, माठातलं पाणी भरलं. वाटीत गुळाचा खडा घेतला. डबा तिनं कालच उघडून ठेवला होता.

सोमनाथराव ओट्यावर पेपर वाचत होते. “कुठं?” ते म्हणाले, आणि मग आठवून म्हणाले, “आज तुझं मौन. बोलणार नाहीस. पण त्या दारात जायचं असंल तर नको जाऊ, सांगून ठेवतो.”

आशाबाई उंबऱ्याशी थांबली. चौकटीवर मी वाजलो होतो त्याचा जुना ओरखडा तिथं अजून आहे.

“पाणी द्यायला चालले,” ती म्हणाली. “आईंना शब्द दिला होता.”

सोमनाथरावांचा पेपर तसाच हातात राहिला. इतक्या वर्षांत श्रावणी सोमवारी त्यांनी तिचा आवाज ऐकला नव्हता.

आम्ही अंगण ओलांडलं. फकिराबा पितील का मला पुन्हा पालथा घालतील, ते मला माहीत नाही. दार उघडतील का, तेही नाही. ऊन चढायला लागलंय. माझ्यात धूळ पडू नये म्हणून आशाबाईनं वर तळहात धरलाय, आणि ती हळूहळू चालतेय, पाणी सांडू न देता.