महिन्यानंतरचा रिपोर्ट

साहेब बिस्किट चहात बुडवतात, ते तुटून पडतं, मग बोटाने काढून खातात आणि तेच बोट माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर टेकवतात. मला किळस येते. पण त्या दिवशीची किळस बोटाची नव्हती.

आमच्या हॉस्पिटलात सांधेदुखीवर नवं इंजेक्शन आलंय. ते जुन्या गोळ्यांपेक्षा बरं की वाईट, हे नोंदींवरून काढणं माझं काम. औषध काही चिठ्ठ्या टाकून वाटलेलं नाही, डॉक्टरांच्या मनाला येईल तसं दिलेलं. म्हणून वय, साखर, आजाराचा जोर असं औषधाआधीचं सगळं सारखं असलेली माणसं एकमेकांसमोर ठेवायची. औषधाआधीचं! हे सांगून सांगून माझा घसा बसला.

तशी तुलना केली, तर इंजेक्शनवाले जास्त दगावत होते. साहेबांचं तोंड वाकडं झालं; इंजेक्शन हॉस्पिटलात त्यांनीच आणवलेलं.

"मूत्रपिंडाचा रिपोर्टही हिशेबात धर की."

"धरलाय. औषधाआधीचा."

"महिन्यानंतरचा धर. ताजा असतो."

धरला. फरक गायब! होणारच. इंजेक्शननेच महिन्याभरात मूत्रपिंडं नासवली आणि आम्ही नासलेल्यांची तुलना गोळ्यांवरच्या नासलेल्यांशी केली. ज्या वाटेने माणसं मेली, तीच वाट हिशेबातून पुसली. साहेबांना हे कळत नाही म्हणावं, तर ही चूक करू नका असं विद्यार्थ्यांना तेच शिकवतात. निर्लज्ज माणूस.

घरी मामा गुडघे चोळत बसले होते. आईच्या माघारी त्यांनीच मला वाढवलं.

"सोमवारी घेतोय गं ते इंजेक्शन. तुमच्याच साहेबांनी चांगलं म्हटलंय."

"मामा, नका घेऊ."

"तू काय डॉक्टर आहेस?"



दुसऱ्या दिवशी बैठकीत सगळे डॉक्टर जमले. पडद्यावर साहेबांचा गुळगुळीत निकाल: इंजेक्शनला धोका नाही. सगळे माना डोलवत होते. मी साहेबांच्या कानाशी वाकले.

"सोमवारी माझ्या मामांना हेच द्यायचंय. देऊ ना?"

त्यांचा कप हवेतच थांबला.

"घरच्या माणसाला कशाला?" ते कुजबुजले. "गोळ्याच चालू ठेव. मी बोलतो त्यांच्या डॉक्टरांशी."

म्हणजे मामा सुटले. त्यांच्यासोबत रांगेत बसणाऱ्या बाकी कुणाची भाची मात्र त्या खोलीत कामाला नव्हती. साहेबांनी बशी माझ्याकडे सरकवली.

"घे, बिस्किट घे."

मी उभी राहिले.

"माझ्या मामांना हे इंजेक्शन नको, असं साहेब आत्ता म्हणाले," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "का, ते त्यांनाच विचारा."